लांडगा हिरो, कानात आवाज आणि माझी मेथी – ऑडिओबुकवाल्यांनो, जरा इकडे या

निवडक मेथी | शुक्रवार, रात्री ११.५२

मंडळी, आधीच सांगते, हसायचं तर खुशाल हसा पण मग उत्तरही द्या. गेले दोन आठवडे मी एक इंग्रजी ऑडिओबुक ऐकतेय. त्यातला हिरो मनात येईल तेव्हा लांडगा होतो, हिरॉइन जनावरांची डॉक्टर, बाहेर ढीगभर बर्फ, लाकडाचं घर, आणि पहिल्या भेटीत हा बाबा जखमी लांडगा म्हणूनच तिच्या टेबलावर येऊन पडतो. पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात म्हणे याला. पुस्तकाचं नाव सांगणार नाही कारण माझी नणंद या साइटवर आहे आणि मला तिचा आयडी माहीत नाही.

एकूण साडेअकरा तास. मुलुंड ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये जाता-येता ऐकते, उरलेलं स्वयंपाक करताना. तर गेल्या रविवारी दोन जुड्या मेथी घेऊन बसले, पेपर पसरला, इअरफोन घातले. त्याचं पहिल्यांदा तिच्यासमोर रूप बदलतं तो चॅप्टर होता. चॅप्टर संपला तेव्हा बघते तर सगळी पानं कचऱ्याच्या पिशवीत आणि देठं चाळणीत, नीट, एकसारखी, वर हात फिरवून झटकून ठेवलेली. नवरा म्हणाला, आज देठांची भाजी का?

आता मुद्दा. कथा यथातथाच आहे, म्हणजे पुढे काय होणार ते पहिल्या वीस मिनिटांत कळतं. मला धरून ठेवलं ते वाचणाऱ्याने. मला वाटलं होतं लांडगा होताना हा गुरगुरेल, घसा खरवडेल, मागे म्युझिक वाजेल, तर तसलं काहीच नाही. आवाज तोच, वाक्यं तशीच, फक्त श्वास घ्यायच्या जागा बदलल्या. आधी माणसासारखा वाक्य संपल्यावर श्वास घेत होता, मग हळूहळू वाक्याच्या मधेच, शब्द तुटेल अशा ठिकाणी, आणि तोसुद्धा नाकाने. अंगावर काटा आला हो.

उलट तिचे चॅप्टर वाचणारी बाई, तिच्या वाक्यांना छान आहे, पण हिरोचे डायलॉग आले की आवाज असा खाली नेते की सर्दी झालेला हवालदार बोलतोय असं वाटतं. त्यामुळे एकच माणूस एका चॅप्टरमध्ये देखणा आणि पुढच्या चॅप्टरमध्ये पडशाने हैराण.

प्रश्न दोन. एक, असं का करतात, दोघांनी आपापले डायलॉग का नाही वाचायचे? दुसरा, हे मराठीत कधी कोणी ऐकलंय का आणि मराठीत हे होईल का?

शंकेखोर | शनिवार, सकाळी ७.१०

पॉपकॉर्न घेऊन बसतो. पण त्याआधी एक, त्या पुस्तकात हिरो 'अल्फा', म्हणजे कळपाचा दादा, आहे ना? असणारच. हे अल्फा प्रकरण म्हणजे जुनाट गैरसमज आहे हे सांगितल्याशिवाय मला चहा जाणार नाही. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयात कोंबलेल्या लांडग्यांवरून लिहिलं की कळपात वर्चस्वासाठी मारामाऱ्या होतात. मग डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर नेलं. त्याच मेक यांनी पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की बाबांनो, कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि पोरं. अल्फा म्हणजे फक्त बाप! आपलंच पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले होते ते.

म्हणजे तुमचा तो छाती पुढे काढून "माझी!" म्हणणारा हिरो प्रत्यक्षात पोरांना भरवणारा आणि बायकोबरोबर शिकारीला जाणारा संसारी गृहस्थ आहे. हलकेच घ्या.

निवडक मेथी

@शंकेखोर, मग तर अजूनच आवडला. संसारी गृहस्थ कुणाला नकोय?

कसारा फास्ट | शनिवार, सकाळी ८.३४

हसून हसून पुरेवाट. देठांची भाजी!!

बाकी हे प्रकार आपल्याला नवीन आहेत असं जे भासवलं जातं त्याची गंमत वाटते. आदिपर्व काढा. हिडिंबेला तिच्या भावाने पाठवलेलं असतं पांडवांना मारून मांस आणायला, ती येते, भीमाला जागा बघते, जागच्या जागी प्रेमात पडते आणि सुंदर बाईचं रूप घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. जंगल आहे, रात्र आहे, बाकीचे झोपलेत, भाऊ दातओठ खात येतोय. आणि पुढची अट तर बघा, दिवसा भीमाने तिच्याबरोबर फिरायचं आणि रात्री घरच्यांकडे परत, तेही मुलगा होईपर्यंतच. अशी अट आजच्या कुठल्या लेखिकेला सुचेल? त्याच पर्वात किंदम ऋषी हरणाचं रूप घेऊन बायकोबरोबर रममाण असतात आणि पंडू बाण मारतो. म्हणजे पांडवांच्या जन्माची सगळी भानगडच एका शेपशिफ्टर जोडप्यामुळे. शिवाय अर्जुनाची नागकन्या उलूपी आहेच. मराठीत होईल का काय विचारताय, कीर्तनात होतच होतं की! बुवा एकटेच, उपरणं डोक्यावर घेतलं की हिडिंबा, कमरेला बांधलं की भीम.

लोकलमधून टाइप करतोय, अशुद्ध लेखन माफ.

आत्याबाई | शनिवार, दुपारी १.०५

असल्या गोष्टी ऐकत स्वयंपाक करायचा म्हणजे कमालच आहे. आम्ही आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत पोळ्या लाटल्या पण एक पोळी करपली नाही. बाळ कुडतरकरांचा आवाज ऐकलाय का तुम्ही मुलींनी? नुसतं "अगं" म्हटलं तरी घरात माणूस आल्यासारखं वाटायचं. गुरगुरावं लागलं नाही कधी.

ते पुस्तक कुठल्या ॲपवर आहे म्हणालात?

कसारा फास्ट

आत्याबाई 😄 +१००

आरे कॉलनीवाला | शनिवार, दुपारी २.४०

लांडगे कशाला पाहिजेत. आमच्याकडे बिबट्या आहे. मी लहानपणापासून आरेमध्ये राहतो, नॅशनल पार्कला लागून, तो पार्क शंभरेक चौरस किलोमीटरचा आणि चारी बाजूंनी मुंबई-ठाणे, त्यामुळे बिबट्या हा आमच्यासाठी पॅरानॉर्मल नाही, नॉर्मलच आहे. वारली पाड्यांवरची माणसं वाघोबाला देव मानतात, आरेत त्याची ठाणी आहेत, वाघबारसेला पूजा होते.

आवाजाबद्दल सांगतो कारण तो मी ऐकलाय. पिक्चरमध्ये बिबट्याला सिंहासारखी डरकाळी चिकटवतात ते खोटं. खरा बिबट्या बोलतो ते लाकडावर करवत चालवल्यासारखं असतं, खर्र-खर्र, खर्र-खर्र, श्वास बाहेर जातानापण आवाज आणि आत घेतानापण. रात्री दोनला उठलो होतो पाणी प्यायला, मला वाटलं इतक्या रात्री कोण फर्निचरचं काम काढून बसलंय. मग लक्षात आलं की कुत्री गप्प आहेत. एक पण नाही. आमच्या इथे कुत्री गप्प होणं हे किती मोठं प्रकरण आहे ते आमच्या सोसायटीत या म्हणजे कळेल.

त्यामुळे तुमच्या त्या नॅरेटरने नुसता श्वास बदलला हे वाचून वाटलं, त्याने कुठेतरी खरं जनावर ऐकलंय.

गोधडी स्टुडिओ | शनिवार, रात्री ११.२०

धाग्याची वाटच बघत होते जणू. मी याच धंद्यात आहे, डबिंग करते आणि गेली काही वर्षं ऑडिओबुकंही. मोठ्ठा प्रतिसाद होणार, चहा घ्या.

आधी पहिला प्रश्न. तुम्ही ऐकताय त्याला ड्युअल नॅरेशन म्हणतात, चॅप्टर ज्याच्या तोंडून त्याने तो पूर्ण वाचायचा, त्यातली बाकी सगळी पात्रंही त्यानेच. आपापले डायलॉग आपण वाचायचे त्याला ड्युएट म्हणतात. ते ऐकायला गोड पण करायला महाग, कारण बहुतेक वेळा दोघं एकत्र बसतच नाहीत, एक एका शहरात, दुसरा दुसरीकडे, आणि मग एडिटिंगवाला एकेक वाक्य उचलून जोडत बसतो. एक तास तयार ऑडिओ म्हणजे इंग्रजीत साधारण नऊ हजार तीनशे शब्द धरतात, म्हणजे तुमचं साडेअकरा तासांचं पुस्तक लाखाच्या वर शब्दांचं. एवढ्या शब्दांची शिवणकाम केल्यासारखी जोडाजोड कोण करणार?

हवालदाराबद्दल. बाईने पुरुषाचा डायलॉग वाचताना आवाज खाली न्यायचा नसतो, हे मला माझ्या पहिल्या पुस्तकात रडून शिकावं लागलं. जाड केला की नाटक होतं. त्याऐवजी वेग कमी करायचा, वाक्याचं शेपूट खाली सोडायचं, कमी हवा वापरायची. ऐकणाऱ्याचा कान बाकीचं स्वतः करतो. 'वऱ्हाड'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न पात्रं करायचे, ते काय बावन्न गळे घेऊन फिरत होते? लकबी बदलायचे.

आणि गुरगुरणं. खरं सांगू का, गुरगुर घशासाठी वाईट. दोन मिनिटं नीट गुरगुरलात तर पुढचा अर्धा तास आवाजाला चरे पडतात आणि मग आधीच्या वाक्याशी जुळत नाही. म्हणून ओरडणं, किंचाळणं, गुरगुरणं सगळं दिवसाच्या शेवटी घ्यायचं आणि मग मध घालून गरम पाणी. माझ्या एका पुस्तकात माणसाचा वाघ होणारा एक भाग होता, शेवटी घेतला, सहा टेक झाले, एकही पटेना. सातव्याला मी दमून नुसती थांबले, माइक चालू, आणि त्या शांततेत माझ्या पोटातून असा काही आवाज आला की काचेपलीकडचा साउंडवाला खुर्चीतून उठला. दुपारचं जेवले नव्हते. तो म्हणाला, ताई, हाच ठेवू या. ठेवला. लोकांनी रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की वाघाचा आवाज अस्सल आहे 🙈

घरून काम करते तेव्हा कपाटाच्या आत, चारी बाजूंनी आजीच्या गोधड्या, म्हणून हा आयडी. नियम असा की तुम्ही बोलत नसताना मागची शांतता उणे साठ डेसिबलच्या खाली पाहिजे. आता मुंबईत उणे साठ कुठून आणायची? पंखा बंद, फ्रिज बंद, रात्री दीड ते चार एवढीच वेळ, त्यात खालून रिक्षा, वरच्यांचा मिक्सर, चार वाजता दूधवाला. मे महिन्यात कपाटात बसून बर्फातला सीन वाचलाय मी, घामाने स्क्रीनवर बोट सरकत नव्हतं आणि तोंडाने "थंडीने तिचे ओठ निळे पडले" म्हणतेय.

मराठीत होईल का, तर मागणी आली तर उद्या करीन. पण खरी अडचण भाषेची आहे. इंग्रजीत तो 'ग्राउल्ड' म्हणाला की बायका विरघळतात, मराठीत "तो गुरगुरला" म्हटलं की शेजारच्यांचा मोती आठवतो.

शंकेखोर

"चल," तो गुरगुरला. "कुठे?" ती भुंकली. 😂

पांढरी काठी | रविवार, सकाळी ९.१५

गोधडीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा ऐकला. ऐकला म्हणतोय कारण मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर सगळा धागा ऐकतोय, आणि "ती भुंकली" हे वाक्य त्या यंत्राने ज्या कोरड्या आवाजात वाचलं त्याला तोड नाही.

मी कॅसेटच्या काळापासून पुस्तकं ऐकतोय. वरळीच्या नॅबची, म्हणजे अंधांसाठीच्या संस्थेची, टॉकिंग बुक्स असायची, वाचणारी माणसं कुठलंही नाटक न करता सरळ वाचायची, आणि आम्हाला तेच बरं वाटायचं, रंग आम्ही भरायचो. त्यामुळे आता कोणी जास्त अभिनय करून वाचायला लागलं की मला माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी येऊन बसल्यासारखं होतं.

पण भाषेची अडचण म्हणालात त्यावर मला उलटं म्हणायचंय. या प्रकाराला मराठीइतकी सोयीची भाषा मिळणार नाही. आपल्याकडे तो, ती आणि ते आहे. माणूस "तो आला", जनावर "ते आलं". लांडगा, बिबट्या म्हणा हवं तर पुल्लिंगी, पण काय आहे ते कळायच्या आधी आपण काय म्हणतो? अंधारात काहीतरी हललं. ते जवळ आलं. म्हणजे रूप बदललंय हे सांगायला ना हाडं मोडल्याचं वर्णन लागत ना म्युझिक. एक वाक्य "तो" आणि पुढचं वाक्य "ते". आला आणि आलं यात फरक किती, तर शेवटचा स्वर तोकडा झाला, बस. छापलं तर काना जाऊन वर एक टिंब, डोळ्यांनी वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटेल. कानाला मात्र चुकणार नाही.

गोधडी स्टुडिओ

पांढरी काठी, मी कपाटातून बाहेर आले हे वाचून. साष्टांग.

निवडक मेथी

हे भारी आहे. आणि पहिल्या पुरुषात? "मी आलो", "मी आले"... "मी आलं" असं कोणी म्हणतच नाही. कोणी म्हटलं तर?

आरे कॉलनीवाला

रात्री दोनला बाहेरून कोणी "मी आलंय" म्हटलं तर मी दार उघडणार नाही एवढं नक्की.

कसारा फास्ट | रविवार, दुपारी ४.०२

सुट्टी आहे, बायको माहेरी आहे, म्हणून हा उद्योग. मुलुंडमध्येच ठेवलंय, योगी हिलच्या बाजूला, जंगलाच्या कडेची शेवटची बिल्डिंग, तळमजला, पाऊस:

दार वाजलं. तिने उघडलं. बाहेर तो उभा होता, अनवाणी, भिजून चिंब.
"तुम्ही? या ना, आत या."
तो उंबऱ्याशी थांबला. खाली बघत राहिला.
तेवढ्यात लाइट गेले.
उंबरा ओलांडून ते आत आलं.
"तुम्ही..." ती म्हणाली.

बस, एवढंच जमलं. गोधडीताई, वाचता का?

आत्याबाई | रविवार, संध्याकाळी ६.३०

चांगलं लिहिलंयस रे. पण शेवटची ओळ चुकली. बिबट्याला कोणी अहो-जाहो करतं का? जनावराला आपण तूच म्हणतो, कुत्र्याला, मांजराला, गाईला, देवालासुद्धा. तिथे "तू?" पाहिजे. प्रश्नचिन्हासकट.

आणि आमच्या वेळी लग्नाआधी तुम्हीचं तू कधी झालं हे ज्याचं त्यालाच माहीत असायचं. यांना मी पहिल्यांदा तू म्हटलं ते दादरला गाडी चुकली तेव्हा, रागाच्या भरात. त्यानंतर परत तुम्ही म्हणायला लागले ते सासूबाईंसमोर. तर त्या मुलीच्या तोंडी एकाच "तू"मध्ये दोन्ही येऊ दे. ऐकणाऱ्याला कळेल.

ते लांडग्याचं पुस्तक सापडलं मला. तिसऱ्या चॅप्टरवर आहे. बाई खरंच हवालदारासारखी वाचते.

निवडक मेथी

आत्याबाई, तुम्ही माझी नणंद तर नाही ना??

आत्याबाई

नणंदेचं माहीत नाही, पण माझ्या भावाने परवा घरी देठांची भाजी खाल्ली असं मला फोनवर सांगितलंय.

शंकेखोर

ठ्यो!!! धागा वाचनखुणांत साठवला.

गोधडी स्टुडिओ | सोमवार, पहाटे ४.४५

केलं. लिंक डकवलीये. अडतीस सेकंद आहे, त्याला तीन तास लागले. इफेक्ट काहीही नाही. पाऊस खरा आहे, खिडकी फटभर उघडी ठेवली होती. आरेवाल्यांचं ऐकून लाइट गेल्यानंतर एकदा श्वास बाहेर आणि एकदा आत, दोन्हीला आवाज ठेवलाय, बाकी हात लावला नाही. "तू?" बावीस वेळा म्हटलं. आधी घाबरून म्हणत होते, मग लाडाने, दोन्ही खोटं वाटत होतं. मग आत्याबाईंची चुकलेली गाडी आठवून म्हटलं, तो टेक ठेवलाय.

आरे कॉलनीवाला | सोमवार, सकाळी ७.५०

इअरफोन न लावता वाजवलं. आमचा कुत्रा उठून आतल्या खोलीत गेला. बाकी काही बोलत नाही.

कसारा फास्ट

गाडीत ऐकलं. ठाण्याला उतरायचं होतं, घाटकोपरला उतरलोय. अडतीस सेकंदांचं आहे हो, परत परत ऐकत होतो.

निवडक मेथी

मी ऑफिसला पोचेपर्यंत थांबवलं होतं, आता ऐकलं. ताई, ते "या ना, आत या" मध्ये तुम्ही दुसऱ्या "या"ला किंचित हसलात ना? तिला तो आधीपासून आवडतो हे तिथेच कळलं, कसाराने तर असं काही लिहिलंच नव्हतं.

पांढरी काठी | सोमवार, सकाळी १०.२०

चार वेळा ऐकलं. आधी आवाज वाढवून, मग कमी करून. एक विचारतो. उंबरा ओलांडतानाच्या ओळीत "आलं" आहे हे मला पहिल्या दोनदा नक्की ऐकू आलं. तिसऱ्यांदा "आला" वाटलं. चौथ्यांदा परत "आलं". हे तुम्ही मुद्दाम मधलं काहीतरी म्हटलंय का?

गोधडी स्टुडिओ

दोन्ही टेक होते, एक "आला" आणि एक "आलं", फाइलींची नावं पहाटे झोपेत दिलीत. यातली कुठली चढवली ते आता मलाही आठवत नाहीये, आणि ऐकून कळत नाहीये. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की बघते.